घराचे कागद आणि मागे वळलेली मान

घुबडाच्या घरात सगळंच तिरपं आहे. वाऱ्याने झाडाला असा हिसडा दिला आहे की भिंती एका अंगाला कलल्या आहेत. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंग्डममध्ये विनी द पूची राईड आहे, तिच्यातली ही एक खोली. मधाच्या मडक्यासारख्या गाडीत बसलेल्या पोरांना पू कुठे दिसतो, टिगर कधी येतो याची घाई असते आणि गाडीही इथे रेंगाळत नाही. त्या घाईत भिंतीवरची एक तसबीर बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तसबिरीत एक बेडूक घुबडाच्या हाती कागद सोपवताना दिसतो. जरा खाली पाहिलं तर जमिनीवर दुसरी तसबीर आहे आणि तिच्यात पूच्या सोबतीला एक मोल आहे. मोल म्हणजे बिळात राहणारा, डोळ्यांनी अधू असा प्राणी.

पूच्या गोष्टींत हा बेडूक नाही आणि हा मोलही नाही. तरी ते इथे आहेत, आणि सगळ्या थीम पार्कांत मिळून मला सर्वांत जास्त आवडणारी कलाकृती म्हणजे या दोन तसबिरी.

बेडकाचं नाव मिस्टर टोड, आणि मोल हा त्याच्याच गोष्टीतला. १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंग्डम उघडलं, तेव्हा याच जागी त्याची राईड होती, 'मिस्टर टोड्स वाइल्ड राईड'. मोटारगाडीच्या वेडापायी टोडने जो धुमाकूळ घातला, तो आपण त्याच्या जागी बसून घालायचा. फ्लोरिडातल्या या राईडला दोन वेगवेगळे रूळमार्ग होते आणि दोन्हींवरची दृश्यं वेगळी होती, त्यामुळे एकदा बसून आलेला माणूस पुन्हा रांगेत उभा राही. शेवट तर अचाट होता. अंधारात समोरून आगगाडी येई, धडक होई, आणि आपण थेट नरकात, शिंगं असलेल्या छोट्या सैतानांच्या गराड्यात. लहान मुलांच्या राईडचा शेवट नरकात करण्याची हिंमत आज कुणी करणार नाही.

राईड बंद होणार हे कळल्यावर १९९७-९८ मध्ये टोडचे चाहते हिरवे सदरे घालून पार्कात जमू लागले. या जमण्याला त्यांनी 'टोड-इन' असं नाव दिलं होतं. निर्णय काही फिरला नाही. ७ सप्टेंबर १९९८ ला टोडची गाडी शेवटची धावली आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच जागी पू आला.

आता तसबिरीतल्या त्या कागदाकडे नीट पाहू. ते घराचे कागद आहेत. टोडने घुबडाला घराचे कागद दिले, म्हणजे ही जागा आता पूच्या मंडळींची, इतकं तर गोष्ट ठाऊक नसलेल्यालाही समजावून सांगता येईल. पण ज्याने डिस्नेचा १९४९ चा टोडवरचा चित्रपट पाहिला आहे, त्याला त्या कागदाचं वजन कळतं. चित्रपटाचं सगळं कथानक या कागदाभोवती फिरतं. मोटारगाडी दिसताच भान हरपलेला टोड आपला वाडा, टोड हॉल, गाडीच्या बदल्यात वीझल नावाच्या प्राण्यांच्या टोळीला देऊन टाकतो. गाडी चोरीची निघते, टोड तुरुंगात जातो, आणि मग त्याचे मित्र जिवावर उदार होऊन वाड्यात शिरतात ते हा कागद परत मिळवायला. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ च्या मूळ पुस्तकात वीझल वाडा नुसता बळकावतात. कागदाची भानगड चित्रपटाने घातली. थोडक्यात, जो कागद टोडने एकदा मूर्खपणाने घालवला आणि ज्याच्यासाठी मित्रांनी जीव धोक्यात घातला, तोच कागद इथे तो आपण होऊन दुसऱ्याच्या हाती देतो आहे. आयुष्यभर उधळ्या म्हणून हिणवला गेलेला हा बेडूक या एका चित्रात शहाणा झालेला दिसतो. राईड गेली त्याचं दुःख तर तसबिरीत आहेच. शिवाय टोडच्या स्वभावाला एक पूर्णविरामही इथे मिळाला, आणि तो चित्रपटात नव्हता, राईडमध्येही नव्हता.

कागद घेणारा कोण, हेही पाहण्यासारखं आहे. वरवर पाहता हा एका पात्राने दुसऱ्या, अगदी परक्या पात्राशी केलेला व्यवहार वाटतो. पण पू आणि टोड यांची ओळख जुनी आहे, आणि ती डिस्नेच्या कितीतरी आधीची. पूचा जनक ए. ए. मिल्न हा ग्रॅहमच्या पुस्तकाचा मोठा भक्त होता. १९२६ मध्ये पूचं पहिलं पुस्तक लिहिणाऱ्या याच मिल्नने १९२९ मध्ये टोडच्या गोष्टीवर 'टोड ऑफ टोड हॉल' हे नाटक रंगभूमीवर आणलं. ज्या ई. एच. शेपर्डच्या रेषांनी पूला रूप दिलं, त्यानेच १९३१ मध्ये ग्रॅहमच्या पुस्तकासाठी चित्रं काढली. टोड आणि पू एकाच टेबलावर, एकाच कलमाखाली बसलेले आहेत. मॅजिक किंग्डममधली जागा टोडकडून पूकडे गेली ती अशी दूरच्या नात्यात गेली. तसबीर पाहताना हे नातं आठवलं की त्या दोघांच्या उभं राहण्यात एक घरोबा जाणवू लागतो.

आणखी एक पदर आहे. राईडचं नाव आणि दृश्यं पूच्या ज्या चित्रपटांवरून घेतली, त्यांतल्या १९६८ च्या वादळी दिवसाच्या चित्रपटात घुबडाचं घर वाऱ्याने कोसळतं. त्याच्यासाठी नवं घर शोधायला निघालेला ईयोर नेमकं पिगलेटचंच घर शोधून काढतो. सगळे अवघडतात, आणि भित्रा पिगलेट समजून घेतो आणि आपलं घर घुबडाला देतो. पूच्या साऱ्या गोष्टींत याहून मोठं मन कुणी दाखवलेलं नाही. टोडची तसबीर घुबडाच्या घरात लावली आहे ती ही अशी. वाऱ्याने कललेलं, पडायला आलेलं घर, आणि त्यात राहणाऱ्याला कुणीतरी आपलं घर देतं आहे. पिगलेटने पुढे जे करायचं, तेच टोड भिंतीवर आधीच करून बसला आहे. तसबीर दुसऱ्या कुठल्याही खोलीत टांगली असती तर ती केवळ एक खूण राहिली असती. इथे ती गोष्टीत मुरली आहे.

खालची तसबीर जमिनीवर का? वाऱ्याने पाडली म्हणावं तर पटतं. नव्या घरात अजून खिळा ठोकायचा राहिला आहे म्हणावं तरी पटतं. मला दुसरा अर्थ जास्त भावतो.

आपल्याकडे आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त काव्याच्या आत्म्याविषयी जे सांगितलं, ते इथे फार उपयोगी पडतं. ध्वनी वाच्यार्थातून निघतो. वाच्यार्थ आपल्या जागी उभा राहतो आणि त्याच्या आडून दुसरा अर्थ सहृदयाला ऐकू येतो. गाडीत शेजारीशेजारी दोघं बसली आहेत असं समजा, सहा वर्षांची मुलगी आणि तिची पन्नाशीची आजी. मुलीसाठी घुबडाच्या घरात तसबिरी आहेत, घरात असतात तशाच. तिला काही खटकत नाही, तिची गोष्ट अडखळत नाही. आजीला मात्र तिच्या लहानपणीचा सगळा धुमाकूळ, आगगाडी, नरक, सारं त्या क्षणात परत मिळतं. एकीचं सुख दुसरीच्या सुखात लुडबूड करत नाही. बंद झालेल्या राईडची आठवण लपवून ठेवायची ती एवढ्यासाठी. उघड लावली असती तर मुलीला वाटलं असतं की आपण दुसऱ्या कुणाच्या तरी घरात आलो आहोत.

काहींना हे सारं रुसलेल्यांच्या हातावर ठेवलेली साखर वाटते. कंपनीने राईड पाडायची आणि वर एक चित्र लावून मोकळं व्हायचं. मला हे मान्य नाही. पुण्यात जुना वाडा पाडून इमारत उभी राहते आणि फाटकावर संगमरवरी पाटीत वाड्याचं नाव कोरतात. ते नाव येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावं म्हणून असतं, आणि आत राहणाऱ्यांना त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. समजूतच काढायची असती तर टोडचीही अशी पाटी दारावर लागली असती. तसबीर आत आहे, अंधारात आहे, चालत्या गाडीतून ओझरती दिसणारी आहे. ती लावणाऱ्याला टाळ्या नको होत्या.

टोडची दुसरी आठवण त्याच पार्कात आहे. हाँटेड मॅन्शन ही भुताटकीची हवेलीही टोडच्याच दिवशी, १ ऑक्टोबर १९७१ लाच उघडली. तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर पाळीव प्राण्यांची दफनभूमी आहे आणि तिथे मागच्या कोपऱ्यात टोडचा पुतळा उभा आहे. चाहत्यांना हा पुतळा फार प्रिय आहे. मला तो तसबिरीच्या तुलनेत फिका वाटतो. ज्याची राईड नरकात संपत होती त्याला स्मशानात उभं करण्यात चातुर्य आहे हे खरं, आणि एकाच दिवशी जन्मलेल्या दोघांपैकी राहिलेल्याने गेलेल्याला आपल्या अंगणात जागा दिली यात मायाही आहे. पण पुतळा एवढंच सांगतो की टोड गेला. तसबीर सांगते की टोडने जाताना काय केलं.

पूच्या पायगुणाची दुसरी कथा कॅलिफोर्नियात घडली. अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये २४ मार्च १९७२ पासून 'कंट्री बेअर जंबोरी' चालू होती. ही बसून फिरायची राईड नव्हती, प्रेक्षागृहात बसून पाहायचा खेळ होता. यांत्रिक अस्वलं बॅन्जो नि फिडल घेऊन अमेरिकन खेड्यातली गाणी म्हणायची. मार्क डेव्हिसने काढलेली या अस्वलांची रेखाटनं पाहून वॉल्ट डिस्ने मनापासून हसला होता, आणि डिसेंबर १९६६ मध्ये तो गेला, त्यामुळे या अस्वलांना डिस्नेच्या घरात वेगळाच मान. प्रेक्षागृहाच्या बाजूच्या भिंतीवर तीन मुंडकी टांगलेली होती, शिकारी दिवाणखान्यात लावतात तशी. मॅक्स नावाचं हरीण, बफ नावाचा बायसन आणि मेल्विन नावाचा मूस. ती बोलायची, कुरकुरायची, रंगमंचावरच्या सूत्रधार अस्वलाशी, हेन्रीशी, हुज्जत घालायची. समोर बघत बसलेल्या प्रेक्षकाला त्यांचा आवाज आला की मान वळवावी लागे.

हा खेळ सप्टेंबर २००१ मध्ये थांबला. ११ एप्रिल २००३ ला तिथे विनी द पूची राईड सुरू झाली. इथल्या गाड्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आहेत. पूला पडणारं भयानक स्वप्न, हेफलंप आणि वूझल यांचा रंगीबेरंगी गोंधळ, हा त्या राईडचा मध्य. त्या खोलीतून गाडी बाहेर पडली की पुढचं दृश्य आपल्याला ओढून घेतं. नेमक्या त्या क्षणी वळून मागे, वर पाहिलं तर आपण ज्या दारातून आलो त्याच्या वरच्या बाजूला अंधारात मॅक्स, बफ आणि मेल्विन टांगलेले दिसतात. बोलत नाहीत. हलतही नाहीत.

गोष्टीच्या हिशेबाने पाहिलं तर हे टोडच्या तसबिरीएवढं जमलेलं नाही. पूच्या शंभर एकरांच्या रानात कुणी मुंडकी टांगत नाही. सहा वर्षांच्या मुलीने ती पाहिली तर ती विचारणारच, हे कोण? म्हणून तर ती पाठीमागे लावली आहेत. गोष्टीच्या चौकटीबाहेर, जिथे फक्त मुद्दाम वळणारा पाहील. वाच्यार्थाचा आधार सुटला आहे हे मला कबूल करावं लागतं. तरीही या तीन मुंडक्यांसमोर मी टीकाकाराची वही मिटतो, कारण मानेचा तो झटका. तेव्हा प्रेक्षागृहात त्यांना पाहायला मान वळवावी लागे, आताही वळवावी लागते. जुन्या खेळातली गाणी गेली, विनोद गेले, अस्वलं गेली. पाहणाऱ्याच्या अंगाने जे केलं होतं तेवढं मात्र इथे जपलं आहे. आठवण डोळ्यांना देणं सोपं असतं, इथे ती मानेच्या स्नायूंना दिली आहे. ज्याने १९७५ साली बापाच्या मांडीवर बसून तो खेळ पाहिला, त्याचं शरीर ही हालचाल ओळखतं.

या दोन पार्कांची कुंडली एकमेकांशेजारी ठेवली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. फ्लोरिडात पूने टोडची जागा घेतली, कॅलिफोर्नियात अस्वलांची. पण कॅलिफोर्नियातला टोड, १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँडसोबत जन्मलेला, अजून जोरात गाडी हाकतो आहे आणि दिवसभर लोकांना नरकात नेऊन आणतो आहे. फ्लोरिडातली अस्वलंही आहेत. २०२४ मध्ये त्यांना नवी गाणी मिळाली आणि त्यांचा खेळ नव्या रूपात पुन्हा सुरू झाला. एका किनाऱ्यावर जो तसबिरीत गेला तो दुसऱ्या किनाऱ्यावर जिवंत आहे. त्यामुळे दोन्ही पार्कं पाहिलेल्या माणसाला ही चित्रं वाचताना श्रद्धांजलीबरोबर दूरदेशी असलेल्या नातेवाइकाचा फोटो पाहिल्यासारखंही वाटतं.

मान वळवण्यावरून नजरेची आठवण होते, आणि नजरेचा सर्वांत धाडसी खेळ केला तो 'स्टार टूर्स'ने. त्याआधी डिस्नेलँडच्या टुमॉरोलँडमध्ये त्याच इमारतीत 'ॲडव्हेंचर थ्रू इनर स्पेस' ही राईड होती, ५ ऑगस्ट १९६७ ते २ सप्टेंबर १९८५. मोन्सँटो कंपनीने प्रायोजित केलेली, विज्ञानाच्या भाबड्या आनंदाने ओथंबलेली राईड. रांगेत उभं असताना समोर एक अवाढव्य सूक्ष्मदर्शक दिसे, 'मायटी मायक्रोस्कोप'. निळ्या गाड्यांत बसलेली माणसं त्याच्या एका टोकातून आत जात आणि दुसऱ्या टोकाच्या काचेच्या नळीत तीच माणसं बोटभर होऊन सरकताना दिसत. मग आपली पाळी येई. हिमकणात, हिमकणातून पाण्याच्या रेणूत, रेणूतून अणूत, थेट अणुकेंद्रकाच्या उंबऱ्यापर्यंत. परतताना अंधारातून एक प्रचंड डोळा आपल्याकडे रोखून पाहत असे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुणीतरी आपल्याला पाहत आहे, आणि काचेवरचा कण आपण आहोत. ज्यांनी लहानपणी तो डोळा पाहिला त्यांच्या मनातून तो कधी गेला नाही.

९ जानेवारी १९८७ ला त्या इमारतीत 'स्टार टूर्स' उघडली. हलणाऱ्या केबिनमध्ये बसायचं आणि समोरच्या पडद्यावर अंतराळप्रवास पाहायचा. इथे २०१० पर्यंत दाखवल्या गेलेल्या मूळ चित्रफितीत नवशिक्या यंत्रमानव चालक निघतानाच चुकतो आणि यान दुरुस्तीच्या विभागातून भरकटत जातं. त्या पळापळीत उजव्या बाजूला इतर यंत्रसामग्रीबरोबर मायटी मायक्रोस्कोप उभा दिसतो.

एवढंच. एका नजरेत येतो आणि जातो. पण तो दुरुस्तीच्या विभागात आहे हे लक्षात घ्या. भंगारात नाही, संग्रहालयातही नाही. अंतराळयानांच्या कारखान्यात जिथे बिघडलेली यंत्रं पुन्हा चालू करतात, तिथे त्याला ठेवलं आहे. शिवाय जुन्या राईडमध्ये तो आपल्याला पाहत होता, या चित्रफितीत आपण त्याला पाहतो. तेव्हा आपण त्याच्या आत जाऊन अणूएवढे झालो होतो, इथे आपण ताऱ्यांकडे निघालो आहोत आणि तो मागे पडतो आहे. अतिसूक्ष्माकडून अतिविशालाकडे हा सगळा प्रवास पडद्यावरच्या कोपऱ्यात मावला आहे. चित्रफितीत हे करणाऱ्याला दोन्ही राईडांच्या पोटातला विचार कळला होता, आणि म्हणून मी याला टोडच्या खालोखाल मानतो.

याच्या पुढची गंमत अशी की 'स्टार टूर्स' एका जागी राहिली नाही. १९८९ मध्ये ती फ्लोरिडात आणि टोकियोत गेली, १९९२ मध्ये पॅरिसजवळ, आणि तीच चित्रफीत सगळीकडे दाखवली गेली. इनर स्पेसची राईड जगात एकट्या डिस्नेलँडमध्ये होती. म्हणजे टोकियोतल्या आणि पॅरिसमधल्या लाखो प्रेक्षकांनी मायटी मायक्रोस्कोप पाहिला तो मूळ राईड कधीच न पाहता. त्यांच्यासाठी ते एक यंत्र होतं, यंत्रांतलं एक. तरी गोष्टीला तडा गेला नाही. लपवलेली आठवण नीट बसवली आहे की नाही, हे तपासायला याहून चांगली कसोटी कुणी ठरवून घेतली नसती.

डिस्नेलँडमधल्या 'स्टार टूर्स'च्या रांगेत दोन यंत्रमानव काम करताना दिसत. त्यांचे पाय बदकासारखे पडदेवाले आहेत, कारण ती 'अमेरिका सिंग्ज' या खेळातल्या गाणाऱ्या हंसांची शरीरं होती. पिसं काढली, सांगाडा ठेवला. 'अमेरिका सिंग्ज' एप्रिल १९८८ पर्यंत चालू होती आणि हे दोघं त्याआधीच तिथून उचलून आणलेले. बाकीची प्राणीमंडळी पुढे 'स्प्लॅश माउंटन'मध्ये गाऊ लागली. हे सगळं मला आवडतं, पण याला मी आठवण म्हणणार नाही. हा पुनर्वापर आहे, काटकसरीचा आणि कल्पक.

एप्कॉट या पार्कातल्या 'होरायझन्स'विषयी थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तिच्या चाहत्यांइतकं व्याकूळ कुणी नाही. १९८३ ते १९९९ अशी ती चालली. सुरुवातीला जुन्या माणसांनी भविष्याची कशी कशी स्वप्नं पाहिली ते दाखवायची, मग आजच्या माणसाचं भविष्य, वाळवंटातली फळशेती, समुद्राच्या तळाची वस्ती, अंतराळातली वसाहत. वाळवंटाच्या दृश्यात संत्र्याचा वास सोडलेला असे. शेवटी गाडीतल्या बटणांनी आपण कुठल्या वाटेने परतायचं ते ठरवायचं. जुन्या स्वप्नांकडे मायेने पाहणारी ही राईड स्वतःच जुनं स्वप्न झाली. तिची इमारतही पाडली गेली, आणि २००३ मध्ये तिथे 'मिशन: स्पेस' ही मंगळाच्या प्रवासाची राईड आली. तिच्या रांगेत अंतराळयानातलं फिरतं, गुरुत्वाकर्षण निर्माण करणारं भलंमोठं चाक आहे. त्या चाकाच्या मध्यावर, आरे जिथे मिळतात तिथे, होरायझन्सचं बोधचिन्ह आहे.

जागेची निवड अचूक आहे. सगळं चाक फिरतं ते त्या बिंदूभोवती. नव्या राईडचा अंतराळ जुन्या राईडच्या स्वप्नाभोवती फिरतो आहे असं म्हणायला तिथे पूर्ण मुभा मिळते. पण बोधचिन्ह हे चिन्हच. टोड कागद देतो, सूक्ष्मदर्शक मागे पडतो, हे चिन्ह मात्र काही करत नाही. संत्र्याचा एक झुळूकभर वास त्या रांगेत सोडला असता तर चाहते ढसाढसा रडले असते.

युनिव्हर्सलच्या पार्कांची रीत जरा उघडी आहे. ऑर्लँडोत 'रिव्हेंज ऑफ द ममी'च्या खजिन्याच्या दालनात सोन्याचा किंग काँग बसलेला आहे. २००२ पर्यंत त्या इमारतीत 'काँगफ्रंटेशन' होती आणि त्यातल्या काँगच्या श्वासाला केळ्यांचा वास येई. इजिप्शियन खजिन्यात एखादं वानराचं दैवत शोभून जातं, म्हणून हा सोन्याचा पुतळा पटतो. 'जॉज'ची राईड २०१२ च्या आरंभी बंद झाली आणि तिच्या जागी हॅरी पॉटरची डायगन गल्ली आली. तिथल्या औषधांच्या दुकानात शार्कचा जबडा आहे. जादूगारांच्या वैद्याकडे असल्या वस्तू असायच्याच, तेव्हा हा जबडा उत्तम. बाहेरच्या लंडनच्या दर्शनी भागात तबकड्यांच्या दुकानात 'द क्विंट ट्रायो' या नावाची तबकडी मांडली आहे. 'जॉज'मधल्या शार्क-शिकाऱ्याचं ते नाव. ही थोडी शब्दकोड्यासारखी वाटते. सुटलं की संपलं.

मॅजिक किंग्डममध्ये १९९४ पर्यंत 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'च्या पाणबुड्या होत्या. त्या परिसरात आता लिटल मरमेडची राईड आहे आणि रांगेच्या वाटेवर पाण्याच्या काठाशी खडकातून नॉटिलस पाणबुडीचा आकार काढला आहे. कप्तान नेमोची ती काटेरी पाठीची नॉटिलस हार्पर गॉफने १९५४ च्या चित्रपटासाठी घडवली होती, आणि तिचा आकार मुळातच जलचरासारखा असल्याने तो खडकात सहज मुरतो. पाहणारा क्षणभर गोंधळतो, खडक आहे की पाणबुडी? इतक्या वर्षांनी पाण्यातल्या लोखंडाचं जे होईल तेच तिचं झालेलं दिसतं.

शेवटी मॅटरहॉर्न. डिस्नेलँडमधला हा बर्फाचा डोंगर १४ जून १९५९ ला उभा राहिला, आणि त्याच्या पोटातून १९५६ पासून चालत आलेल्या 'स्कायवे'चे हवाई डबे आरपार जाऊ लागले. डोंगराला त्यासाठी भोकं ठेवली होती. १९९४ मध्ये स्कायवे थांबली. १९७८ पासून डोंगरात एक हिममानव आहे. कर्मचारी आणि चाहते त्याला लाडाने हॅरल्ड म्हणत. २०१५ मध्ये नवा, जास्त चपळ हिममानव आला आणि त्याच्या गुहेत लुटीचा ढीग रचला गेला. जुन्या बॉबस्लेड गाड्या, आणि चेपलेले, मोडलेले स्कायवेचे डबे.

इतर सगळ्या आठवणी अदबशीर आहेत, ही एकटी रांगडी. कुणी कागद देत नाही, कुणी मानाने उभं नाही. डबे चिरडले आहेत. आणि तरीही त्यातून गोष्टीच्या भाषेत एक उत्तर मिळतं, डबे गेले कुठे याचं. ते डोंगरातून रोज जायचे, डोंगरात हिममानव राहायचा, एके दिवशी त्याने ओढून घेतले. पस्तीस वर्षं जे आरपार जात होतं, ते आत अडकलं.

हॅरल्डची पुढची कथा इथे जोडून घ्यावी लागते. डोंगरातून काढलेला हा जुना हिममानव २०१७ मध्ये शेजारच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कात 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या राईडमध्ये ठेवला गेला. तिथली रांग विश्वभरातले प्राणी आणि वस्तू जमवणाऱ्या टानेलीर टिव्हानच्या संग्रहातून जाते, आणि त्या संग्रहात हॅरल्ड आहे. डबे गोळा करणाऱ्याच्या पूर्वजालाच कुणीतरी गोळा केलं, हे वाचायला चटकदार आहे. पण टिव्हानच्या कपाटात काहीही बसतं, टॉवर ऑफ टेरर या राईडमधल्या नोकराची टोपी बसते तसा हॅरल्डही बसतो, आणि त्याच्या तिथे असण्याला जागेकडून काही आधार मिळत नाही. स्कायवे फ्लोरिडातही होती आणि टोकियोतही होती. त्या दोन्ही ठिकाणी ती कुठल्या डोंगरातून जात नव्हती, आणि तिथे कुठे हाच चेपलेला डबा आणून ठेवला असता तर तो भंगारच दिसला असता.